प्रथिनांची अतिनिर्मिती आणि जिवाणूंचे पेशीविभाजन

जिवाणूच्या पेशीत एखादे प्रथिन गरजेहून फार जास्त बनू लागले की पुष्कळदा तिची वाढ चालू राहते, पण विभाजन थांबते. पेशी लांबतच जाते आणि तिचा तंतू होतो. काही प्रथिनांच्या बाबतीत उलट घडते. पेशी टोकाजवळ, नको तिथे विभागते आणि गुणसूत्र नसलेल्या चिमुकल्या पेशी, म्हणजे मिनिसेल, सुटतात. एश्चेरिकिया कोलाय (ई. कोलाय) या जिवाणूची २ ते ४ मायक्रोमीटर लांबीची दंडाकार पेशी तंतू झाल्यावर ५० मायक्रोमीटरच्याही पुढे जाऊ शकते.

विभाजनाच्या जागी प्रथम एफटीएस-झेड या प्रथिनाचे कडे तयार होते. हे प्रथिन ट्यूब्युलिनच्या (प्राणी-वनस्पतींच्या पेशींतील नलिका बनवणाऱ्या प्रथिनाच्या) कुळातले असून जीटीपी या ऊर्जा देणाऱ्या रेणूच्या साहाय्याने त्याचे तंतुक बनतात. कडे प्रत्यक्ष दाखवले ते एर्फेई बी व ज्यो लुटकेनहाऊस यांनी (१९९१). त्याआधी, १९८५ मध्ये, वॉर्ड व लुटकेनहाऊस यांनी एफटीएस-झेडचे प्रमाण वाढवून पाहिले होते. प्रमाण सुमारे दुप्पट ते सातपट झाले तेव्हा जादा विभाजने होऊन मिनिसेल निघाले. त्याहून पुष्कळ वाढवल्यावर विभाजनच बंद पडले. म्हणजे एकाच प्रथिनाचे दोन परस्परविरुद्ध परिणाम निव्वळ मात्रेवर ठरतात. एफटीएस-ए हे दुसरे प्रथिन या कड्याला पेशीच्या पटलाशी बांधून ठेवते. ते एकटे वाढवले तर तंतू होतात, पण सोबत एफटीएस-झेडही वाढवले तर विभाजन पूर्ववत होते (१९९२). यावरून निरपेक्ष प्रमाणापेक्षा दोहोंचे गुणोत्तर महत्त्वाचे मानले जाते. ते गुणोत्तर किती, यावर मतभेद आहेत. जुन्या मोजमापांत एका एफटीएस-ए रेणूमागे सुमारे शंभर एफटीएस-झेड धरले जात. नंतरच्या मोजमापांत पाचाच्या आसपास येतात. प्रतिपेशी एफटीएस-झेडचे आकडेही ३,००० ते १५,००० असे पसरलेले आहेत. जिवाणूचा वंशप्रकार (स्ट्रेन) आणि वाढीचे माध्यम बदलले की आकडा बदलतो, म्हणून त्याच परिस्थितीत केलेले मोजमापच ग्राह्य धरावे.

कडे मध्यभागीच बसावे ही व्यवस्था मिन प्रथिने पाहतात. मिन-सी व मिन-डी वाढली की कडे कुठेच बसत नाही आणि तंतू होतो. मिन-ई वाढले की टोकांवरचा प्रतिबंध उठतो आणि मिनिसेल होतात.

विभाजनाशी संबंध नसलेले परके प्रथिन बनवतानाही तंतू दिसतात आणि त्याची कारणे एकाहून अधिक आहेत. पटल-प्रथिन असल्यास प्रथिने पटलात बसवणारा सेक मार्ग अडतो. एफटीएस-क्यू, एफटीएस-आय या विभाजन-प्रथिनांनाही तोच मार्ग लागतो, त्यामुळे विभाजनयंत्रणा अपुरी राहते. नीट घडी न झालेल्या प्रथिनाचे गठ्ठे, म्हणजे इन्क्लुजन बॉडी, होतात आणि डीएनए-केसारखी चॅपेरोन (इतर प्रथिनांची घडी घालायला मदत करणारी प्रथिने) त्यात गुंतून पडू शकतात. डीएनए-के नसलेले उत्परिवर्ती तंतुमय असतात व एफटीएस-झेड वाढवल्यास त्यांचा हा दोष बराच कमी होतो, ही गोष्ट या कारणाला पुष्टी देते. तिसरे कारण वंशप्रकारातच दडलेले आहे. डीएनएला इजा झाली की सुल-ए हे प्रथिन एफटीएस-झेडला अडवते; एरवी लॉन हे प्रथिने तोडणारे विकर (प्रोटिएज) ते लगेच नष्ट करते. परकी प्रथिने बनवण्यासाठी वापरला जाणारा बीएल२१ हा वंश ई. कोलाय बी पासून आलेला, आणि त्यात लॉन नाही. प्रथिन टिकावे म्हणून निवडलेला हा गुण तंतू होण्यासही अनुकूल ठरतो. म्हणून काही व्यापारी वंशप्रकारांत सुल-एचे जनुकही निकामी केलेले असते.

निरुपद्रवी, विद्राव्य प्रथिनानेही पेशी मोठी का होते, हा प्रश्न अजून वादाचा आहे. पोषण कमी करून वाढ मंदावली तर पेशी लहान होते (शेक्टर, मालौ व केल्डगार्ड, १९५८). अनावश्यक प्रथिन लादून मंदावली तर मोठी होते (बासान व सहकारी, २०१५). एका मतानुसार विभाजन-प्रथिनांचा ठराविक साठा जमल्याशिवाय पेशी विभागत नाही, आणि रायबोसोम (प्रथिने बनवणारी यंत्रे) परक्या कामात गुंतल्याने तो साठा उशिरा भरतो. एफटीएस-झेडची निर्मिती कमीजास्त करून केलेले प्रयोग (२०१९) या मताच्या बाजूचे आहेत. गुणसूत्राच्या प्रतिकरणाला मुख्य नियंत्रक मानणारा दुसरा पक्ष आहे, पण अतिनिर्मितीच्या बाबतीत पहिले मत अधिक पटणारे आहे.

तपासणी अशी करतात. ३७ अंश सेल्सियसला ओडी-६०० (६०० नॅनोमीटरला मोजलेला द्रावाचा गढूळपणा) सुमारे ०.५ झाल्यावर परक्या प्रथिनाचे जनुक चालू करणारे आयपीटीजी घालून दर ३० मिनिटांनी नमुना काढावा आणि १ टक्का ॲगॅरोजच्या पातळ थरावर ठेवून १०० पटींच्या तेल-भिंगाखाली पाहावा. नुसत्या ओडीवर विसंबू नये: तंतू लांबले तरी ओडी चढत राहते, पण प्लेटवर एका तंतूची एकच वसाहत येते. ओडी वाढते आणि वसाहतींची संख्या जागची हलत नाही, ही तंतू झाल्याची खूण असू शकते. डापी या डीएनए रंगवणाऱ्या द्रव्याने रंगवल्यावर केंद्रकद्रव्याचे ठिपके तंतूभर समान अंतरावर दिसले तर फक्त विभाजन अडलेले असते. एकच विस्कटलेला गोळा दिसला तर डीएनएचाच बिघाड समजावा. सोबत परके जनुक न घातलेले प्लाझ्मिड (जनुक पेशीत नेणारा छोटा वर्तुळाकार डीएनए) व तेवढेच आयपीटीजी असलेली तुलना हवीच. तंतू कसा दिसतो हे कळण्यासाठी मूळ, प्लाझ्मिडविरहित वंशाला सेफालेक्सिन हे प्रतिजैविक देतात; ते एफटीएस-आयला अडवते. उपायांत आयपीटीजी १ मिलिमोलरवरून ०.१ पर्यंत उतरवणे, आयपीटीजी घालण्याआधी माध्यमात १ टक्का ग्लुकोज ठेवणे, १८ ते २५ अंशांवर वाढवणे आणि पटल-प्रथिनांसाठी सी४१ किंवा सी४३ हे वंशप्रकार वापरणे हे येतात.

तापमानाचा मुद्दा नागपूरसारख्या ठिकाणी विशेष जपावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना ‘रूम टेम्परेचरला रात्रभर’ ही सूचना निरर्थक ठरते. नुसता हीटर असलेला शेकर (जिवाणू हलवत वाढवणारे यंत्र) खोलीच्या तापमानाच्या खाली जात नाही. शीतकरण असलेले यंत्र लागते. एफटीएस-झेड-८४ हा उत्परिवर्ती ३० अंशांना विभागतो व ४२ अंशांना तंतू होतो. तो उन्हाळ्यात टेबलावर राहिला तर अतिनिर्मिती नसतानाही तंतू दिसतील.

केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरात असल्याने आणि विदर्भात बीटी कपाशी सर्वत्र असल्याने बीटी कपाशीतील क्राय या कीटकनाशक प्रथिनांचे उदाहरण येथे जवळचे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जिवाणूत क्राय स्फटिक पेशीच्या कोरड्या वजनाच्या २० ते ३० टक्क्यांपर्यंत भरतो, तरी विभाजन बिघडत नाही. कारण क्राय-१ए गटाची जनुके बीजाणू बनताना, असमान विभाजन उरकल्यावर, मातृपेशीत चालू होतात. त्या पेशीला पुढे विभागायचेच नसते. क्राय-३एचे जनुक बीजाणुनिर्मितीवर अवलंबून नाही, पण तेही मुख्यतः वाढ थांबण्याच्या सुमारास जोर धरते. क्राय-१ए गटातलेच क्राय-१एसी ई. कोलायमध्ये वाढत्या अवस्थेत बनवले तर इन्क्लुजन बॉडीच्या रूपात साठते.