खेतवाडीतल्या माळ्यावरचा ‘मी’

मुंबईत खेतवाडीच्या दहाव्या गल्लीतल्या एका माळ्यावर १९७०च्या दशकात रोज तोच प्रश्न निघायचा: ‘मी’ म्हणजे नेमकं कोण? उत्तर देणारे होते निसर्गदत्त महाराज, म्हणजे विड्यांच्या दुकानावर संसार चालवलेले मारुती शिवरामपंत कांबळी. समोर गिरगावातली माणसं असत, युरोप-अमेरिकेतून आलेलीही असत. १९७३ साली या बोलण्यांचं इंग्रजी पुस्तक ‘आय ॲम दॅट’ निघालं आणि आपल्यातल्या अनेकांची या विचाराशी ओळख इंग्रजीतून झाली. याची मला मनापासून खंत वाटते. ती बोलणी मुळात मराठीत झाली होती आणि त्यांतल्या शब्दांमागे सातशे वर्षांचं मराठी चिंतन होतं.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. बोलताना आपण अहंकार म्हणजे गर्व समजतो. वेदान्तातला अहंकार त्याहून खोल आहे. अगदी नम्र माणसातही तो असतो. ‘मी जाडा’, ‘मी बहिरा’ असं म्हणताना देहाचे, इंद्रियांचे धर्म आत्म्याला चिकटवले जातात, हे शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्याच्या आरंभीच दाखवलं आणि त्याला ‘अध्यास’ म्हटलं. दोरीवर साप दिसावा, तसं. गंमत म्हणजे आपली रोजची भाषा हा भेद अर्धा पाळते. डोकं दुखलं की ‘माझं डोकं दुखतंय’ म्हणतो, ‘मी दुखतोय’ कोणी म्हणत नाही. पण ताप आला की लगेच ‘मी आजारी’.

ज्ञानदेवांनी या विचाराला वेगळं वळण दिलं. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०ची. त्यांच्या ‘अमृतानुभवा’त सातवं प्रकरण अज्ञानखंडनाचं आहे, ग्रंथातलं सर्वांत मोठं. आत्म्याशिवाय दुसरं काही नाहीच, तर अज्ञान राहतं कुठे, असा त्यांचा सवाल आहे. जग त्यांना टाकून द्यायची भ्रांती वाटत नाही. तो चैतन्याचाच विलास आहे. सोन्याचा दागिना झाला म्हणून सोनेपण उणं होत नाही, हे चांगदेवांना लिहिलेल्या पासष्ट ओव्यांत येतं. माझ्या मते मराठी अद्वैत प्रपंचात टिकलं ते या भूमिकेमुळे. मुक्तीसाठी घर सोडायची अट उरली नाही.

विसाव्या शतकात हा धागा मुंबईत आला तो इंचगिरी संप्रदाय या गुरुपरंपरेतून. भाऊसाहेब महाराजांच्या (१८४३–१९१४) परंपरेत ध्यान-नामस्मरणावर भर होता. मुंगीसारखं हळूहळू चढत जाणं, म्हणून त्याला पिपीलिका मार्ग म्हणतात. त्यांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज, सोलापूरकडच्या पाथरीचे, यांनी विहंगम मार्ग सांगितला: पक्ष्यासारखी, विचारानेच थेट झेप घ्यायची. त्यांची रीत सोपी होती. हरवलेल्या ‘मी’ला एकेका देहात शोधायचं. स्थूलात हात-पाय सापडतात, ‘मी’ सापडत नाही. सूक्ष्मात मन-बुद्धी, पण तीही ‘माझी’. कारणदेहात निव्वळ विस्मृती. त्या विस्मृतीलाही जाणणारी जाणीव म्हणजे महाकारण. इथवर बरेच जण पोचतात आणि थांबतात. सिद्धरामेश्वर मात्र ‘मी ज्ञान आहे’ हा अभिमानही उतरवायला लावतात. हे चारी देह दासबोध वाचणाऱ्याला नवे नाहीत.

कांबळींचा जन्म १८९७चा, तोही हनुमान जयंतीचा, म्हणून नाव मारुती. बालपण मालवणजवळच्या कांदळगावात गेलं. १९१८च्या सुमारास पोटासाठी ते मुंबईत आले, आधी कारकुनी केली, मग दुकान टाकलं. १९३३ साली एका मित्राने त्यांना सिद्धरामेश्वरांकडे नेलं. ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहा, एवढाच उपदेश मिळाला. गुरूंचा सहवास जेमतेम तीन वर्षांचा, कारण नोव्हेंबर १९३६मध्ये सिद्धरामेश्वर गेले. त्यांची समाधी वाळकेश्वरला बाणगंगेजवळ आहे. पुढच्या वर्षी कांबळी सगळं सोडून बाहेर पडले, पण १९३८मध्ये मुंबईत, पुन्हा त्याच संसारात परतले. ज्ञानदेवांची भूमिका ध्यानात घेतली, तर या परतण्याचं नवल वाटत नाही.

त्यांची बोलणी इंग्रजीत नेणारे मॉरिस फ्रीडमन वॉर्साचे ज्यू अभियंते. महाराष्ट्र त्यांना परका नव्हता. १९३८–३९मध्ये औंध संस्थानात राजाने रयतेच्या हाती कारभार दिला, त्या प्रयोगात ते होते. मुंबईतल्या संभाषणांच्या ध्वनिफिती ऐकून त्यांनी भाषांतर केलं.

महाराजांची शेवटची बोलणी मात्र त्या पुस्तकाच्याही पुढे जातात. घशाच्या कर्करोगाने आवाज खचत चालला होता, तेव्हा ते ज्या ‘मी आहे’ला धरायला सांगत आले, तिच्यावरच बोट ठेवू लागले. ही जाणीव अन्नरसावर पेटलेल्या ज्योतीसारखी आहे, न विचारता आली, तशीच जाईल. ती येण्याआधी तुम्ही काय होतात, एवढं ते विचारत. ८ सप्टेंबर १९८१ रोजी खेतवाडीतल्या त्याच घरात त्यांनी देह ठेवला.