तर्री पोहे आणि घशातला एक सेकंद

काकांना पॅरालिसिसचा झटका आला त्याला आता चार महिने होतील. हात बराच सुधारला, बोलणंही कळतं, पण गिळणं अजून जागेवर आलेलं नाही. मागच्या रविवारी गेलो तेव्हा काकू वाटी घेऊन त्यांच्यासमोर बसली होती. वरण, भात, गाजर, पालक सगळं एकत्र मिक्सरमधून काढलेलं, रंग ओल्या सिमेंटचा. काका वाटीकडे बघून म्हणाले, "काय देऊन राहिली गं तू मला हे? पोहे आण. तर्री टाकून." नागपूरचा माणूस रविवारी सकाळी दुसरं काय मागणार!

काकू नाही म्हणाली, आणि तिचं बरोबरच होतं. पातळ रस्सा, सुटे पोहे, सालासकट चणे, वरून कोरडी शेव, सगळं एकाच घासात. रस्सा पुढे पळतो, चणा मागे रेंगाळतो. गिळायला त्रास असलेल्या माणसासाठी याहून अवघड पेपर शोधून सापडणार नाही.

आपल्या नागपुरातलं रेल्वेचं डायमंड क्रॉसिंग आठवा, जिथे रूळ एकमेकांना आडवे छेदतात. घशात तसंच आहे. हवा नाकातून म्हणजे मागून येते आणि पुढच्या श्वासनलिकेत जाते. घास पुढून, तोंडातून येतो आणि त्याला मागच्या अन्ननलिकेत जायचं असतं. दोन्ही रूळ एकमेकांना छेदतात. म्हणून गिळताना टाळूचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, स्वरयंत्र वर आणि पुढे ओढलं जातं, त्यावरचं झाकण कलतं, स्वरतंतू मिटतात, श्वास थांबतो. गळ्याच्या घाटीवर बोट ठेवून आवंढा गिळा, ती वर उडी मारते ते कळेल. हे सगळं साधारण एका सेकंदात उरकतं आणि त्याचं वेळापत्रक मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत ठरतं. झटक्यानंतर अनेकदा हा सिग्नल उशिरा पडतो. पाणी मात्र कोणासाठी थांबत नाही. ते उघड्या श्वासनलिकेत शिरतं आणि पुढे न्यूमोनियाची भीती असते. काहींना तर ठसकाही लागत नाही, म्हणून घरच्यांना पत्ताच लागत नाही.

ठसक्यावरून आठवलं. ठसका लागला की कोणीतरी आठवण काढतंय म्हणायचं आणि 'वर बघ, वर बघ' करायचं, ही आपली पद्धत. आठवण काढणाऱ्याचं सोडा, पण अशा रुग्णाने मान मागे टाकली की पातळ पदार्थ आणखी वेगाने घशात उतरतो. तांब्या उंच धरून वरून पाणी पिणं तर त्याच्यासाठी सर्वांत वाईट.

तर मग पाणी घट्ट करायचं. इथे मला भौतिकशास्त्र फार आवडतं. घट्ट करण्याच्या पावडरी मुख्यतः दोन जातींच्या. एक स्टार्चची, आपल्या कॉर्नफ्लोअरसारखी. दुसरी झॅन्थन गमची. हा गम जिवाणूंकडून बनवून घेतात. स्टार्चची खोड अशी की लाळेतलं अमायलेज नावाचं पाचक विकर त्याला तोडतं. पेज खाताना तोच उष्टा चमचा पुन्हा पुन्हा वाटीत घातला, तर शेवटी वाटीतली पेज पाणचट होते, ते यामुळेच. म्हणजे पहिल्या घोटाला सुरक्षित असलेली वाटी शेवटच्या घोटापर्यंत तशी राहीलच असं नाही. झॅन्थनला अमायलेज हात लावू शकत नाही. शिवाय त्याचे लांबलचक रेणू स्थिर असताना एकमेकांत गुंतून राहतात, आणि जिभेने ढकललं की प्रवाहाच्या दिशेने सरळ होतात. दाटपणा घटतो, जोर संपला की परत येतो. पाण्याची श्यानता, म्हणजे दाटपणाचं माप, साधारण 1 मिलिपास्कल-सेकंद. अमेरिकेत 2002 साली ठरलेल्या वर्गवारीत 'मधासारखा' द्रव म्हणजे 351 ते 1750, तीही 50 प्रति सेकंद या कर्तनदराला, म्हणजे द्रवाचे थर एकमेकांवरून ठराविक वेगाने सरकत असताना, मोजलेली. घशात प्रत्यक्ष दर याहून कितीतरी वेगळा असू शकतो, म्हणून एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. घरी याहून सोपं आहे: ठराविक मापाच्या 10 मिलीच्या सिरिंजमधून द्रव 10 सेकंद वाहू द्यायचा आणि किती उरला ते बघायचं. 4 ते 8 मिली उरला तर तो आंतरराष्ट्रीय वर्गवारीतला दुसरा स्तर. आपल्या माणसाला कोणता स्तर हवा, ते स्पीच थेरपिस्टने तपासून सांगायचं.

पावडरच्या डब्यावरच्या दाव्यांनी मात्र हुरळून जाऊ नका. पाणी घट्ट केल्याने श्वासनलिकेत जाणं कमी होतं, पण न्यूमोनिया टळतोच असा भक्कम पुरावा नाही. शिवाय घट्ट पाणी माणूस कमी पितो. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 च्या पुढे असताना, हे परवडत नाही. जिलेटिनची जेली आणि आइस्क्रीमही फसवी. तोंडाच्या उबेने वितळून ती पुन्हा पातळ होतात.

आता चवीचं. घट्टपणाने चव दबते आणि वासही कमी सुटतो. गिळल्यानंतरच्या उच्छ्वासाबरोबर घशातून नाकात जाणारा वास म्हणजेच पदार्थाची निम्मीअधिक ओळख. फोडणीतला बराचसा वास तेलात उतरतो. मोहरी, कढीपत्ता गाळून टाकला तरी तो तेलात राहतो. आणि तिखट? 1993 साली जपानी संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं की मिरचीतल्या कॅप्सेसिनचा अगदी थोडा अंश घशात गेला तर वृद्धांची मंदावलेली गिळण्याची क्रिया लवकर सुरू होते. म्हणून सावजी रस्सा पाजा असं नाही, पण सगळं अळणीच हवं हा हट्टही नको.

थेरपिस्टला विचारून काकूने या रविवारी पोहे जास्त भिजवले, फोडणीच्या गाळलेल्या तेलात परतले, थोडं गरम पाणी घालून बारीक वाटले. पहिल्या खेपेला ते चमच्याला डिंकासारखे चिकटून बसले. चिकट पदार्थ घशातही तसाच बसतो. तिने थोडं पाणी वाढवलं, चमचा कलता केल्यावर गोळा अख्खा घसरेपर्यंत. चण्याची तर्री वाटून, गाळून, घट्ट करून बाजूला लाल ठेवली. पिवळं वेगळं, लाल वेगळं.

काकांनी हनुवटी खाली घेऊन दोन चमचे सावकाश गिळले. मग ताटलीकडे बघत म्हणाले, "लिंबू नाही पिळलं काय?"