कोरफड

कोरफड ही जाड, रसाळ पानांची बहुवर्षायू वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव ॲलो व्हेरा, कुल ॲस्फोडेलेसी. ती मूळची अरबी द्वीपकल्पातली, पण औषधासाठी तिची लागवड इतक्या जुन्या काळापासून होत आली आहे की आज उष्ण, कोरड्या हवामानाच्या बहुतेक प्रदेशांत ती रुजलेली दिसते. आरोग्य, सौंदर्य आणि अन्न या तिन्ही क्षेत्रांत तिचा वापर होतो. मात्र तिच्या एकाच पानात दोन अगदी वेगळी द्रव्ये असतात: मधोमध पारदर्शक, बुळबुळीत गर आणि सालीखाली पिवळा, जहाल कडू चीक. गर त्वचेला निववतो, चीक जुलाब घडवतो. ‘कोरफड गुणकारी आहे का’ या प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी काय वापरले आणि कुठे वापरले, यावर अवलंबून असते.

पानाच्या आत

पाने बुडाशी गुच्छाने येतात. त्यांच्या कडा दातेरी असतात. रोपाच्या मध्यातून उंच दांडा वर येतो आणि त्यावर पिवळी, नळीसारखी फुले लोंबतात. पाणी जपण्याची तिची रीत विलक्षण आहे. इतर बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडतात, तर कोरफड ती रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा रंध्रे मिटून त्यापासून अन्न तयार करते. कुंडीतली कोरफड सहसा पाण्यावाचून मरत नाही. जास्त पाण्याने मुळे कुजून ती दगावते.

पान बुडाशी कापून उभे धरले, की सालीलगतच्या बारीक नळ्यांतून पिवळट थेंब ओघळू लागतात. त्यांना उग्र वास असतो, बोटाला लागले तर डाग पडतो आणि वाळल्यावर त्यांचा रंग तपकिरी-काळा होतो. हाच चीक. तो आटवून, सुकवून जो काळपट खडा मिळतो, त्याला काळा बोळ किंवा एलिया म्हणतात. चीक निथळल्यावर दोन्ही कडांचे काटे आणि वरची-खालची साल काढली, की उरते ती गराची स्वच्छ लादी.

गरात जवळजवळ ९९ टक्के पाणी असते. उरलेल्या एका टक्क्यात महत्त्वाच्या आहेत त्या बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या, विशेषतः ऐसीमॅनन. गराचा चिकटपणा आणि पाणी धरून ठेवण्याचा गुण त्यांच्यामुळेच येतो. जीवनसत्त्वे, खनिजे, अमिनो आम्ले यांची लांबलचक यादी जाहिरातींत वाचायला मिळते. ती खोटी नाही, पण ९९ टक्के पाणी असलेल्या पदार्थात त्यांचे प्रमाण नगण्य असते. पोषणासाठी कोरफड खाण्यात फारसा अर्थ नाही.

औषधाचा इतिहास

इजिप्तमधील इ. स. पू. १५५० च्या सुमाराच्या एबर्स पपायरस या वैद्यकीय ग्रंथात कोरफडीचा उल्लेख आहे. पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने तिचे औषधी गुण नोंदवले. आयुर्वेदात ती कुमारी किंवा घृतकुमारी या नावाने येते आणि कुमारी आसव आजही तयार होते. मात्र देशोदेशीच्या जुन्या व्यापारात मोल होते ते सुकवलेल्या चिकाला, रेचक म्हणून. गर फार काळ टिकत नसल्याने तो झाडाजवळच वापरला जाई. त्याच्याकडे आधुनिक वैद्यकाचे लक्ष वळले ते १९३५ साली, जेव्हा अमेरिकेत क्ष-किरणांमुळे त्वचेला झालेल्या दाहावर ताजे पान वापरून गुण आल्याचे प्रसिद्ध झाले. रेडिओथेरपी घेणाऱ्या रुग्णांवर पुढे झालेल्या चाचण्यांत मात्र हा गुण भरवशाने दिसलेला नाही.

त्वचा आणि जखमा

कोरफडीच्या बाजूने सर्वांत चांगला पुरावा किरकोळ भाजण्याच्या बाबतीत आहे. २००७ साली चार चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. त्यांत वरवरच्या आणि मध्यम भाजलेल्या जखमा कोरफडीने नेहमीच्या उपचारांपेक्षा सरासरी ९ दिवस लवकर भरल्याचे आढळले. चाचण्या लहान होत्या आणि त्यांत वापरलेली कोरफड एकसारखी नव्हती, तरी हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. भाजल्यावर आधी वाहत्या साध्या पाण्याखाली भाग थंड करावा, गर त्यानंतर लावावा. खोल भाजले असेल, फोड फुटले असतील किंवा चेहरा भाजला असेल, तर गर न लावता रुग्णालयात जावे.

उघड्या, खोल जखमेवर तर कोरफड लावूच नये. शस्त्रक्रियेनंतर उघडी राहिलेली पोटाची जखम भरून येण्याविषयीचा एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या उपचाराने जखम भरायला सरासरी ५३ दिवस लागले आणि कोरफडीचे जेल वापरलेल्या स्त्रियांना ८३ दिवस. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरूर लक्षात ठेवावेत.

सोरायसिस या त्वचेवर खवले येणाऱ्या आजाराबाबत निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. १९९६ च्या चाचणीत कोरफडीच्या मलमाने बहुसंख्य रुग्णांना आराम पडला, तर २००५ च्या डॅनिश चाचणीत तुलनेसाठी वापरलेले, कोरफडीचा अंश नसलेले जेलच सरस ठरले. काही जणांना कोरफडीची ॲलर्जी असते. म्हणून नवा गर किंवा जेल आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस वाट पाहावी.

सौंदर्यप्रसाधने

गर लावल्यावर त्वचेवर पातळ थर बसतो आणि ती मऊ लागते. मात्र गरात स्निग्धांश नसल्याने पाणी उडून गेले, की कोरड्या त्वचेला ताण जाणवतो. अशांनी गर ओलसर असतानाच वरून तेल किंवा क्रीम लावावे. डोक्यातील कोंडा आणि खाज यांवर काही प्रमाणात उपयोग दिसला आहे. कोरफडीने केस उगवतात किंवा टक्कल जाते, याला आधार नाही. ऊन लागून लाल झालेल्या त्वचेला गराने थंडावा मिळतो, पण तो उन्हापासून संरक्षण करत नाही.

बाजारातील ‘कोरफड जेल’ घेताना घटकांची यादी वाचावी. ती साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि कोरफड शेवटी असेल तर बाटलीत तिचे नावच काय ते असते. २०१६ साली अमेरिकेत बड्या दुकानांतील काही जेल प्रयोगशाळेत तपासले असता त्यांत ऐसीमॅननचा मागमूसही सापडला नव्हता. हिरवा रंगही ताजेपणाची खूण नव्हे, कारण खरा गर जवळजवळ रंगहीन असतो.

पोटात घेताना

चिकातील मुख्य द्रव्य ॲलोइन. ते लहान आतड्यातून जवळजवळ जसेच्या तसे पुढे जाते. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याचे विघटन करतात, मग आतड्याची हालचाल वाढते आणि पाणी शोषले जात नाही. म्हणून रात्री घेतल्यास सकाळी परिणाम दिसतो. पोटात मुरडा येणे नेहमीचेच. वारंवार घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटते, आणि हृदयविकारावर डिगॉक्सिन किंवा लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांना ते धोक्याचे ठरते. गर्भवती, स्तनदा माता, लहान मुले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी चीक पूर्ण टाळावा. २००२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नसल्याने, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या रेचकांतून कोरफड वगळली. सालीसकट वाटलेल्या, चीक न काढलेल्या पानाचा अर्क दोन वर्षे दिलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात गाठी झाल्या. त्यानंतर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशा अर्काला ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेला’ या गटात टाकले.

स्वच्छ केलेल्या गराला हे निष्कर्ष लागू होत नाहीत. गराने मधुमेहात उपाशीपोटीची साखर थोडी उतरल्याचे काही लहान चाचण्यांत दिसले. म्हणून साखरेची औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोरफडीचा रस सुरू करू नये, कारण साखर नको तितकी खाली जाऊ शकते.

अन्न म्हणून

गराला स्वतःची चव फारशी नसते. चीक निथळून, साल सोलून, लादी पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन तिचे चौकोनी तुकडे करतात. जिभेला कडवटपणा लागला, तर चीक राहिला आहे असे समजून आणखी धुवावे. तुकडे थोडे उकळले की बुळबुळ कमी होते. मग ते पाकात, सरबतात किंवा दह्यात घालतात. कापलेला गर लवकर खराब होतो, म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवून एक-दोन दिवसांत संपवावा. पेयांसाठी उद्योगजगताने स्वतःच ठरवलेल्या मानकानुसार ॲलोइन दहा लाख भागांत १० भागांपेक्षा कमी असावे लागते. विकत घेताना ‘ॲलोइनविरहित’ किंवा ‘फक्त आतला गर’ असा उल्लेख शोधावा. कुत्र्या-मांजरांना मात्र हे पान विषारी असते, तेव्हा घरात पाळीव प्राणी असल्यास कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी.

फळे टिकवण्यासाठी गराचा उपयोग अलीकडचा. २००५ साली स्पेनमधील संशोधकांनी द्राक्षांवर गराचा पातळ लेप दिला. १ अंश सेल्सियसला ठेवलेली बिनलेपाची द्राक्षे सुमारे ७ दिवसच चांगली राहिली, तर लेप दिलेली ३५ दिवसांपर्यंत. लेपामुळे फळातील पाणी कमी उडाले, त्यांचा श्वसनवेग मंदावला आणि बुरशीही कमी वाढली.