तंबाखूचे दंतमंजन आणि 1992 ची बंदी

तंबाखूने दात बळकट होतात, दुखरी दाढ शांत होते, सकाळी पोट साफ होते, हा समज महाराष्ट्रात जाहिरातींच्या कितीतरी आधीपासून रुजलेला आहे. तव्यावर तंबाखूची पाने काळी पडेपर्यंत भाजायची, त्या खाटेने घरात ठसका उठला तरी हात थांबवायचा नाही, मग ती चुरून डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांना चोळायची. ही मिश्री खेड्यापाड्यांतील असंख्य स्त्रियांच्या दिवसाची सुरुवात असे. हिरडी बधिर झाली की दुखणे जाणवत नाही. त्यालाच गुण आला म्हणत, आणि तेवढ्यात निकोटीन हिरडीतून रक्तात उतरलेले असे.

कारखानदारांनी हा समज पुडीत आणि ट्यूबमध्ये भरला. वस्तू ‘दंतमंजन’ म्हणून विकली की वेगळा दावा करण्याची गरजच उरत नाही, नावच दावा करते. शिवाय काही मंजनांना आयुर्वेदिक औषधाचा परवाना मिळालेला होता. पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेल्या पानाला हा मान मिळावा, हे नवलच म्हणायचे. वैधानिक इशाऱ्याचीही अडचण नव्हती, कारण 1975 चा कायदा फक्त सिगारेटच्या पाकिटांपुरता होता.

सरकारला मार्ग सापडला तो औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 मध्ये. एखाद्या आयुर्वेदिक औषधापासून धोका असेल किंवा सांगितलेला गुण त्यात नसेल, तर त्याचे उत्पादन आणि विक्री सार्वजनिक हितासाठी थांबवण्याचा अधिकार केंद्राला 1982 च्या दुरुस्तीने मिळाला होता. तोच वापरून 30 एप्रिल 1992 रोजी, टूथपेस्ट वा दंतमंजन म्हणून परवाना दिलेल्या सर्व तंबाखूयुक्त आयुर्वेदिक औषधांवर बंदी घालण्यात आली. जाहिरातीतील शब्द बदलायला लावून हा प्रश्न सुटणारा नव्हता, वस्तूच बंद करावी लागली. आणि माझ्या मते या निर्णयाचे मोल त्यातच आहे. उत्पादकाच्या बाजूने या बंदीला आव्हान देण्यात आले, परंतु लक्ष्मीकांत विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये ती कायम ठेवली.

पुढे मात्र एक विसंगती निर्माण झाली. 2003 च्या सिगारेट व इतर तंबाखू उत्पादने कायद्याच्या अनुसूचीत गुटखा, तपकीर, विडी यांच्या पंक्तीला ‘तंबाखूयुक्त दंतमंजन’ही बसवले गेले. म्हणजे एका कायद्याखाली जिचे उत्पादन बंद, त्याच वस्तूच्या वेष्टनावर दुसरा कायदा इशारा छापायला सांगतो.

घरच्या मिश्रीला तर ना परवाना लागतो, ना वेष्टन. 31 मे 2009 पासून तंबाखूच्या पुडीवर चित्ररूप इशारा आला, पण तंबाखू तव्यावर पडते तेव्हा ती पुडी चुलीत गेलेली असते.