कुटुंब समुपदेशन : कौशल्य प्रशिक्षण व शैक्षणिक दृष्टिकोन

कौटुंबिक कलहाच्या मुळाशी आजार नसून, एकत्र नांदण्यास लागणारी कौशल्ये आत्मसात झालेली नसतात, असे धरून ती रीतसर शिकविणारी समुपदेशनाची शाखा. संवाद, तंटा सोडविणे, राग आवरणे व मुलांना वळण लावणे हे तिचे प्रमुख विषय.

या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. पहिल्या महायुद्धानंतर मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांनी व्हिएन्नात बालमार्गदर्शन केंद्रे सुरू केली. तेथे पालक व शिक्षकांदेखत सल्लामसलत होत असे, म्हणून काही अभ्यासक उगम तेथवर नेतात. दुसरा पक्ष अमेरिकेतील ओरेगनचे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांच्या वर्तनवादी (वर्तन शिकून बदलते असे मानणाऱ्या) पालक-प्रशिक्षणाला (साधारणतः १९६० चे दशक) अग्रमान देतो. तिसऱ्या मते मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड गर्नी हे प्रवर्तक. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांवर आधारलेले क्रीडोपचाराचे (खेळातून मुलांवर उपचार करण्याचे) तंत्र पालकांनाच शिकवावे, ही त्यांची मांडणी १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे ती दांपत्यांसाठी विस्तारली. मानसशास्त्रज्ञ टॉमस गॉर्डन यांचे पालकवर्गही याच सुमाराचे, १९६२ पासूनचे. ॲडलर यांच्या केंद्रांत उपदेश होता. टप्प्याटप्प्याचा सराव मात्र फारसा दिसत नाही. त्यामुळे पॅटरसन व गर्नी असा दुहेरी उगम मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

गर्नी-पद्धतीत एका वेळी एकजण बोलतो व दुसरा ऐकतो. बोलणाऱ्याने समोरच्याच्या हेतूंवर न घसरता स्वतःला काय वाटले तेवढेच, प्रसंग नेमका धरून सांगायचे. ‘तुम्हाला घराची काही पडलेलीच नाही’ या वाक्याऐवजी ‘काल मी बिड्या कारखान्यात देऊन आले तेव्हा चूल तशीच होती, मला फार एकटं वाटलं’ असे. ऐकणाऱ्याने खुलासा वा बचाव न करता ते आपल्या शब्दांत परत सांगायचे. बोलणाऱ्याने ‘हो, असंच’ म्हटल्यावरच भूमिका बदलतात. नवशिके येथेच अडतात, कारण समजून घेणे म्हणजे मान्य करणे असा त्यांचा ग्रह असतो. प्रशिक्षक निवाडा देत नाही. अडल्यास वाक्य सुचवतो. आधी किरकोळ विषय, धुमसते विषय शेवटी, आणि मधल्या काळात घरी सराव, असा क्रम असतो.

ही पद्धत वापरताना स्थानिक परिस्थिती पाहावी लागते. उदाहरणार्थ, सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू बोलल्या जातात. पूर्व भागातील पद्मशाली विणकर घरांत भांडण तेलुगूत होते. सराव मराठीत घेतल्यास वाक्ये पाठ होतात, पण घरी तोंडात येत नाहीत. यंत्रमागाची रात्रपाळी व घरबसल्या बिडी वळण्याचे काम यांमुळे नवराबायकोला एकत्र बसवणेही अवघड. लेखी गृहपाठापेक्षा प्रसंग करून दाखविणे येथे सोयीचे.

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ९ नुसार समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य असून कलम ६ मध्ये समुपदेशकांची तरतूद आहे. कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५ च्या कलम १४ खाली दंडाधिकारी पीडित स्त्री व प्रतिवादी (जिच्यावर वा ज्याच्यावर हिंसेचा आरोप आहे ती व्यक्ती) यांना, एकत्र किंवा स्वतंत्रपणे, समुपदेशनास पाठवू शकतात. मात्र २००६ च्या नियमांतील नियम १४ नुसार प्रतिवादीला तेथे हिंसेचे समर्थन करता येत नाही. आळीपाळीने बोलण्याची वरील रीत दोघे समान पायरीवर आहेत असे मानून चालते. मारहाण होत असलेल्या घरात बाईने मनातले उघड केले, तर तेच घरी गेल्यावर मारहाणीचे निमित्त होऊ शकते. म्हणून हिंसा चालू आहे का, याची चौकशी दोघांशी स्वतंत्रपणे आधी केली जाते.