बदनाम बीपीची गोळी, मोकाट पेनकिलर

"बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या की किडनी गेलीच समजा," असं नाशिकजवळच्या निफाड-दिंडोरीकडे कुठल्याही पारावर ऐकू येतं. सांगणाऱ्याच्या खिशात मात्र डायक्लोफेनॅक या पेनकिलरची अर्धी पट्टी असते. एप्रिलमधल्या द्राक्षाच्या खरड छाटणीत दिवसभर मांडवाखाली हात वर, रात्री खांदे धरलेले. मग सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी.

किडनी दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळते आणि जेमतेम दीड-दोन लिटरची लघवी करून बाकीचं रक्तात परत देते. ही गाळणी चालते दाबावर, अगदी ठिबकच्या फिल्टरसारखी. प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक बारीक नळी, नेणारी दुसरी. उन्हात घाम गेला, पाणी कमी पडलं की दाब उतरू लागतो. तेव्हा शरीरातली दोन रसायनं कामाला लागतात: प्रोस्टाग्लँडिन आणणारी नळी रुंद ठेवतं, अँजिओटेन्सिन नेणारी आवळतं, आणि गाळणीतला दाब टिकतो. काय सुरेख जुगाड आहे!

डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर प्रोस्टाग्लँडिनच बनू देत नाही. दुखणं थांबतं ते त्यामुळेच. पण इकडे आणणारी नळी आकसते. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्या नेणारी नळी सैल करतात. एरवी ते भल्याचंच, मधुमेह्याच्या गाळणीवरचा जादा ताण त्याने उतरतो. मात्र त्यात लघवी वाढवणारी गोळी, पेनकिलर आणि ऊन एकत्र आलं की गाळणी शाबूत असूनही दाबच उरत नाही.



लघवी कमी होते, पाय सुजतात. पुष्कळदा काहीच जाणवत नाही. म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासायचं, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा. ४८ तासांत ते ०.३ ने (मिग्रॅ/डेसिलिटर) वाढलं तरी किडनीला इजा धरतात. ०.७ चं १.१ झालं, तर रिपोर्टवर आकडा 'नॉर्मल'मध्येच दिसतो! जुना रिपोर्ट जपून ठेवायचा तो यासाठी. 'किडनी साफ करणारे' काढे आणि भस्मं यात काही करत नाहीत. शिसं-पारा असलेलं भस्म तर उलट किडनीच्याच मुळावर येतं.

ओळखीतल्या एका बागायतदार काकांचं क्रिएटिनिन २.४ वर गेलं होतं. पेनकिलर बंद, सलाइन, रोज लघवीचं माप. दहा दिवसांत १.२. काकांनी आजारपणात एक गोळी स्वतःहून सोडली होती, ती बीपीची. डॉक्टरांनी रिपोर्ट सुधारल्यावर ती पुन्हा सुरू केली.