अलेक्झांड्रियाची संत कॅथरीन

ख्रिस्ती परंपरेनुसार चौथ्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तमधील अलेक्झांड्रियात हौतात्म्य पत्करलेली तरुण विदुषी. तिचा सण २५ नोव्हेंबरला असतो. काही पौर्वात्य चर्चमध्ये तो आदल्या दिवशी येतो. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल तिच्याच नावाने उभे आहे.

आख्यायिकेत कॅथरीन उच्च कुळातली, जेमतेम अठरा वर्षांची. सम्राटाने (कुठे त्याचे नाव मॅक्सेंटियस, कुठे मॅक्सिमिनस) देवतांना बळी देण्याचे फर्मान काढले, तेव्हा ती दरबारात गेली आणि त्याच्या तोंडावर त्याला विरोध केला. तिच्या बोलण्याला उत्तर देता येईना, म्हणून सम्राटाने पन्नास पंडित बोलावले. वादात ते हरले, एवढेच नव्हे तर ख्रिस्ती झाले. सम्राटाने त्यांना जिवंत जाळले. या कथेचा जीव याच प्रसंगात आहे. हुतात्म्यांच्या कथांमध्ये सोसण्याची वर्णने पुष्कळ. इथे मात्र एक मुलगी युक्तिवाद करते आणि भरल्या सभेत जिंकते. तत्त्वज्ञ आणि विद्यार्थी तिला आपली पाठीराखी मानतात ते यामुळेच.

पुढे तुरुंगात तिला भेटायला आलेली सम्राज्ञीही ख्रिस्ती झाली आणि प्राणाला मुकली. कॅथरीनसाठी अणकुचीदार खिळ्यांची चाके तयार करवली, पण चाकेच मोडून पडली. शेवटी तिचा शिरच्छेद झाला. मानेतून रक्ताऐवजी दूध वाहिले, असे कथा सांगते. चित्रांत ती मोडक्या चाकावरून ओळखू येते. राफाएल आणि काराव्हाज्जो या दोघांनीही तिला चाकासह रंगवले आहे. चाके बनवणारे सुतार आणि सूत कातणाऱ्या बायका तिच्या आश्रयाला आल्या त्या या चाकामुळेच. भुईचक्रासारख्या, पण खिळ्याने ठोकून फिरवायच्या दारूकामाला इंग्रजीत आजही तिचेच नाव आहे.

तिच्या काळातील एकही नोंद तिचा उल्लेख करत नाही, आणि तिची उपलब्ध चरित्रे काही शतकांनंतरची आहेत. मॅक्सिमिनसच्या वासनेला नकार दिल्याने हद्दपार झालेल्या अलेक्झांड्रियातील एका श्रीमंत विदुषीबद्दल इतिहासकार युसेबियस लिहितो, पण तिचे नाव देत नाही. इ.स. ४१५ मध्ये त्याच शहरात ख्रिस्ती जमावाने ठार केलेल्या हायपेशिया या गणितज्ञ स्त्रीची छाया या कथेवर असावी, असेही काही अभ्यासकांना वाटते. ऐतिहासिक आधार अपुरा म्हणून १९६९ मध्ये रोमन कॅथलिक चर्चच्या सर्वसाधारण पंचांगातून तिचा सण वगळला गेला. २००२ मध्ये तो ऐच्छिक स्मरणदिन म्हणून परत आला. तो परत आला हे योग्यच झाले. एवढी शतके माणसांनी जिचा धावा केला, तिची जागा पंचांगात असायलाच हवी.

देवदूतांनी तिचा देह सिनाई पर्वतावर नेला, अशी श्रद्धा आहे. तिथला मठ सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधला. कॅथरीनचे नाव त्याला नंतर मिळाले. ख्रिस्ताने तिला वधू म्हणून अंगठी दिल्याची कथा आहे. त्या अंगठीची आठवण म्हणून कॅथरीनच्या अवशेषांचे दर्शन घेणाऱ्या यात्रेकरूंच्या हाती मठातले साधू चांदीची छोटी अंगठी ठेवतात. फ्रान्समध्ये पंचविशी गाठूनही लग्न न झालेल्या मुली तिच्या सणाला सजवलेल्या टोप्या घालत.

गोव्यात तिची भक्ती आली ती तलवारीबरोबर. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून शहर जिंकले आणि मुसलमान रहिवाशांची कत्तल करवली. तो दिवस कॅथरीनच्या सणाचा, म्हणून विजयाचे श्रेय तिला दिले गेले आणि तिच्या नावाने लगेच एक चॅपेल उभे राहिले. शब्दांनी जिंकलेल्या मुलीच्या माथी हा विजय मारला गेला, याची खंत वाटते. १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्रालने ते चॅपेल पुन्हा बांधवले. अल्बुकर्क ज्या वेशीतून शहरात शिरला ती इथेच होती, असे तिथला शिलालेख सांगतो. जांभ्या दगडाचे हे चॅपेल लहानसे आहे, आणि बहुतेक पर्यटक त्याच्याकडे न वळताच पुढे जातात. जवळच्या से कॅथेड्रलमध्ये मुख्य वेदीमागे सोनेरी मुलाम्याचे उंच लाकडी कोरीवकाम आहे; कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग त्यात कोरलेले आहेत.